गयाआत्या आणि हैतीचे हापसे

आमच्या गावच्या दूध संस्थेला पंचवीस वर्षं झाली म्हणून एक स्मरणिका निघाली. वडिलांनी तिची प्रत मला पुण्याला पाठवली. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर चेअरमनसाहेब, दुसऱ्या पानावरही चेअरमनसाहेब. मध्ये कुठंतरी एक फोटो आहे आणि त्याखाली ओळ: 'हैतीच्या भूकंपग्रस्तांना संस्थेचा मदतीचा हात.' फोटोत पाहुणे आहेत, हार आहेत, कपड्यांची गाठोडी आहेत. डाव्या कडेला, जिथं फोटो कापलाय तिथं, एका बाईचं नुसतं कोपर दिसतं. ते गयाआत्याचं आहे.

मला राग आला की मी तो गिळते, ही माझी जुनी सवय. हा मात्र गिळवत नाही. त्या संस्थेनं हैतीला एक चिंधीसुद्धा पाठवली नाही. जे काही गेलं ते त्या कोपराच्या मालकिणीनं पाठवलं, आणि तिलाच कात्रीनं बाहेर काढलंय. म्हणून हे लिहिते आहे.

गयाआत्या माझ्या वडिलांची चुलत बहीण. शिक्षण सातवी. नवरा लवकर गेला, मग ती माहेरी, आमच्या गावी परत आली. सिरसाळ्याला उतरून पुढं टमटमनं जावं लागतं, असं ते गाव. एका जुन्या दुष्काळात एका संस्थेनं गावोगावच्या बायकांना हापसे दुरुस्त करायला शिकवलं, त्यात ती शिकली. साडीवरून पुरुषी शर्ट, खांद्याला खाकी पिशवी, पिशवीत पाने, पकड आणि ग्रीसचा डबा. हापसा नादुरुस्त आहे असं कळलं की आधी त्याच्या लोखंडाला कान लावून उभी राहायची. मग म्हणायची, "कशात अडकलंय ते बघू." हे वाक्य ती हापशापुरतं ठेवत नसे. कुणाचं लग्न, कुणाची फाईल, माझा गणिताचा पेपर, सगळ्याला तेच.

आम्ही बीडला राहायचो. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरात मी मराठी बोलायचे, पण हळू, आणि गावाकडचं कुणी आलं की त्याहून हळू. गयाआत्या यायची तेव्हा बेल वाजवायची नाही. दारात उभी राहून खणखणीत आवाजात म्हणायची, "ओने." आतून कुणीतरी "रेस्पे" म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही. समोरच्या घरातल्या काकू दार किलकिलं करून बघायच्या. मी खाली मान घालून पुटपुटायचे, "रेस्पे."

"ऐकू न्हाई आलं."

"रेस्पे, आत्या."

"हां. आता आले."

ही रीत तिनं हैतीहून आणली होती. तिनंच एकदा मला समजावलं. "तिथं खेड्यात कुनाच्याबी दारात जा, आदी बाहेरून म्हनायचं ओने, म्हंजे मान. आतलं मानूस म्हनतंय रेस्पे, म्हंजे आदर. मंग आत जायचं. गरीब असो, म्हातारं असो, लेकरू असो. आपल्याकडं माज्या आईला लोकायच्या दारातून काय म्हनत होते ते इचार तुज्या बापाला."

वडील पेपर डोळ्यांपुढं धरून बसले होते. त्यांनी तो आणखी वर केला.

तिला हैतीची एवढी ओढ का लागली हे कळायला आधी वरच्या आळीतल्या हापशाची गोष्ट सांगायला हवी. ती हैतीच्या आधीची.

त्या आळीतला हापसा बंद पडला होता. गयाआत्यानं वरचा भाग सोडवला, दुपारभर पाईप ओढले, आतलं वायसर बदललं. हे वायसर म्हणजे वाटीच्या आकाराचा चामड्याचा तुकडा, तळहातात मावणारा. जमिनीच्या पोटात, पाण्याजवळ बसवलेला असतो. तो झिजला की कितीही हापसा, पाणी वर चढत नाही. आमच्या गावात ही वायसरं किसनमामा कापायचे. ते चपला शिवायचे, आणि गयाआत्याच्या आग्रहावरून वायसरं करू लागले होते.

काम संपवून ती निघाली आणि अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं की पाना तिथंच राहिला. परत आली तर दोन बायका हापशाचा दांडा धूत होत्या आणि तिसरी ओट्यावर गोमूत्र शिंपडत होती. गयाआत्यानं पाना उचलला, हापशाचं झाकण उघडलं, दांड्याला जोडलेली आतली साखळी काढली, पिशवीत टाकली आणि लिंबाखाली जाऊन बसली.

"धुवा," ती म्हणाली. "चांगलं वाळू द्या."

उन्हं उतरेपर्यंत घागरींची रांग लागली. मग आळीतले एक वडीलधारे आले.

"गयाबाई, चुकलं बायकायचं."

"बायकायचं? गोमूत्र कुनी आनून दिलं?"

त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"ह्याच्या आत, लई खोल, चामडं हाय," ती म्हणाली. "किसनमामानं कापलेलं. पहिल्या दिसापसून तुमी त्याच्यातून येनारं पानी पेता. ते कसं धुता ते दाखवा, मंग साखळी देते."

शेवटी तिनं एका अटीवर साखळी परत बसवली. पुढच्या खेपेला पाईप ओढायला गोमूत्र शिंपडणारी बाई सोबत पाहिजे. ती बाई आली. दोघींनी मिळून पाईप ओढले. ह्या गोष्टीचा शेवट गोड आहे असं गावातले लोक सांगतात. मला तो गोड वाटत नाही. आधी अपमान गिळायचा, मग अपमान करणाऱ्याला शिकवायचंही तिनंच, हे मला आजही पटत नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, हापसेदुरुस्ती शिकवणाऱ्या त्याच संस्थेनं तिला हैतीला नेलं. तिथल्या डोंगरातल्या खेड्यांत आपल्यासारखेच हापसे होते आणि तिथल्या बायकांना दुरुस्ती शिकवायची होती. औरंगाबादच्या पलीकडं न गेलेली बाई समुद्रापलीकडच्या बेटावर चार महिने राहिली. रोझलीन नावाच्या बाईच्या घरी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. परत आल्यावर गयाआत्या 'आमच्याकडं' असं म्हणायला लागली, आणि ते हैतीबद्दल असायचं. "आमच्याकडं आंबे लई. आमच्याकडं डोंगर बोडके, आपल्या बालाघाटावानी. आमच्याकडं बाया इतक्या जोरात हासत्यात की कोंबड्या उडत्यात."

पारावरच्या लोकांना आयता विषय मिळाला. "गयाबाई, हैतीची यष्टी किती वाजता हाय?"

"तू बसनार असशील तर आत्ताच हाय. एकटाच जा."

ती तिथल्या ज्या गोष्टी सांगायची त्यातली एक मला नेहमी आठवते. त्या बेटावर पूर्वी उसाचंच राज्य होतं. आता तिथले गडी सीमा ओलांडून शेजारच्या देशात ऊस तोडायला जातात, लेकरं म्हातारीपाशी ठेवून. "मी रोझलीनला इचारलं, मुकादम असतो का? आता मुकादम कसं सांगावं तिला? खुना केल्या. तर ती उठली आन् चालून दाखिवलं. पोट म्होरं, हात मागं, आन् असं बोट नाचवीत. मी म्हनले, असतो."

हे सांगताना ती स्वतः चालून दाखवायची आणि आमच्या घरात हसणं पिकायचं. आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर तोडणीला जातात. त्यामुळं मुकादम कोण ते आम्हाला खुणांनी सांगावं लागत नसे.

रोझलीनचे निरोप ईमेलनं यायचे. ती सांगायची, तिथल्या एका कचेरीतलं कुणी ते इंग्रजीत लिहायचं, हापशांच्या संस्थेमार्फत ते माझ्या पत्त्यावर यायचं आणि गयाआत्या ते ऐकायला सिरसाळ्याहून बीडला यायची. एवढाच माझा या गोष्टीतला भाग. वाचणं आणि लिहिणं.

मग ते साल आलं. पाऊस रुसला होता. गावातल्या विहिरी आटल्या, बोअर कोरडे पडले, खोल गेलेले हापसे तेवढे चालू. दूध संस्थेच्या कॅनांत रोज तळ दिसायचा. तोडणीला गेलेल्या घरांना कुलपं. आणि जानेवारीत हैतीला भूकंप झाला.

गयाआत्यानं तो सिरसाळ्याच्या स्टँडवरच्या हॉटेलात टीव्हीवर पाहिला. मिळेल त्या गाडीनं बीडला आली. त्या दिवशी ती दारात ओने म्हणाली नाही, सरळ आत येऊन टीव्हीसमोर खाली बसली आणि तीन दिवस तिथून हलली नाही.

टीव्हीवरचा माणूस पुन्हा पुन्हा सांगत होता, जगातला अत्यंत गरीब देश. एका वाहिनीनं शापित बेट असं नाव दिलं होतं आणि मागं रडकं संगीत लावलं होतं.

"बंद कर ते," ती म्हणाली. मी बंद केला. "चालू कर."

मग एका दृश्यात बातमीदार बोलत होता, मागं पडकी भिंत, तंबू, धूळ. गयाआत्या एकदम पुढं सरकली. "थांबीव."

"थांबत नाही आत्या, टीव्ही आहे तो."

"मागं बघ. त्याच्या खांद्याच्या मागं. हापसा हाय. दांडा खाली चाललाय. कुनीतरी हापसायलंय." तिनं पडद्यावर बोट टेकवलं. "तो मुडदा काय बडबडायलाय मेले मेले म्हनून? पानी भरायलेत ते. जित्ती हायत."

मी त्या बातमीत फक्त रडणारे चेहरे पाहिले होते. हापसा मला दिसला नव्हता.

रोझलीनचा निरोप यायला बरेच आठवडे गेले. तिची आई भिंतीखाली गेली होती. शहर पडलं म्हणून शहरातली माणसं डोंगरातल्या खेड्यांत चढून आली होती. हापशांवर थांबत नाही अशी रांग, आणि आतली वायसरं झिजून गेली होती. दुकानं, रस्ते, बंदर, सगळं मोडलेलं. निरोपाची शेवटची ओळ अशी होती: वायसर पाठव, बाकीचं मी बघते.

गयाआत्यानं ते मला तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "मला तिकडं नेलं त्या संस्थेला पत्र लिही. मी वायसरं देते, तुमी न्या म्हनावं."

तिनं सांगितलं आणि मी लिहिलं. शाळेत आम्हाला अर्ज लिहायला शिकवलं होतं, निबंधात मला चांगले मार्क असायचे. लिहून झाल्यावर ती म्हणाली, "आता मराठीत वाचून दाखीव."

मी वाचायला लागले. हैतीच्या दुर्दैवी, असहाय महिला हात जोडून आपल्याकडे आशेनं पाहत आहेत.

"थांब. हे कुटं बगितलंस तू?"

"काय?"

"हात जोडलेले."

"असं लिहितात आत्या अशा पत्रात."

"कोन लिवतंय?"

मी पेनचं टोपण लावलं.

"रोझलीन म्हनली वायसर पाठव, बाकीचं मी बघते. तिची माय गेलीय, तरी असं म्हनली. आन् तू तिला हात जोडाया लावलंस. असहाय म्हंजे काय? तिला पाईप वडता येतो, सिलिंडर खोलता येतो. तुला काय येतंय?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी कागद फाडला आणि ती म्हणाली तेच शब्द लिहिले. सगळं मिळून पाच ओळी झाल्या. संस्थेचं उत्तर सभ्य होतं: सध्या आम्ही वस्तू पाठवत नाही, आपल्या भावनेचा आदर करतो.

"भावना कुनी पाठवायलंय?" गयाआत्या म्हणाली.

ती गावी गेली आणि किसनमामांकडं बसली. गावात कुजबुज सुरू झाली, मग उघड बोलणं. आपल्याच हापशांचं खरं नाही आणि ही तिकडं काळ्या लोकांना पाठवायलीय. पारावर एकानं तोंडावर विचारलं, "गयाबाई, हितं दुष्काळ हाय, दिसत न्हाई का?"

"हितं दुष्काळ हाय, तर हितं मीबी हाय," ती म्हणाली. "तिथं मी न्हाई."

आणि तिनं आधी आजूबाजूचे सगळे हापसे उघडून त्यांत नवी वायसरं घातली. बोलायला जागा ठेवली नाही. मग एक गोणी भरून वायसरं हैतीसाठी तयार केली. किसनमामा चामड्याच्या गोल चकत्या कापायचे, भिजवून लाकडी साच्यात दाबायचे, वाटीचा आकार आला की तेलात मुरवायचे. त्यांच्या ओसरीत पाय ठेवला की तेलाचा आणि कातड्याचा वास अंगावर यायचा.

इथं चेअरमनसाहेब आले. साखर कारखान्याची निवडणूक जवळ आली होती आणि त्यांना संचालक व्हायचं होतं. ते दूध संस्थेचे चेअरमन, गावच्या पाणी समितीचे अध्यक्षही तेच. एके दिवशी ते किसनमामांच्या ओसरीपुढं जीप थांबवून म्हणाले, "गयाबाई, एवढं मोठं काम तुम्ही एकट्यानं करता, आम्ही काय मेलो का? संस्था करील. सोमवारी आपला ट्रक निघतोय मुंबईला. तिथून बोटीनं."

गयाआत्यानं त्यांच्यावर विश्वास ठेवला. मला हे लिहितानाही वाईट वाटतं. तिला माणसं कळत नव्हती असं नाही. गोणी लवकर पोचावी एवढंच तिला हवं होतं.

संस्थेच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. मी वडिलांबरोबर गेले होते. बॅनरवर हैतीचं नाव आणि खाली कुठल्या तरी भलत्याच देशातल्या उपाशी मुलांचा फोटो. कपड्यांचा ढीग लागला होता: विरलेली लुगडी, गणवेश, लोकरीचे स्वेटर, कुणाच्या तरी लग्नातला कोट. वायसरांची गोणी ढिगासमोर मांडून तिला हार घातला होता. पाहुणे अर्धा तास बोलले. उपासमार, अज्ञान, दैवाचा कोप. त्यांच्या मते हैती आफ्रिकेत होता.

शेवटी आभारासाठी गयाआत्याच्या हातात माईक दिला.

"तिथं थंडी पडत न्हाई," ती म्हणाली. "सोटर दिलेल्यांनी आपापलं घेऊन जावं. फाटकं लुगडं ज्येनी दिलंय त्येनीबी न्यावं. तिथल्या बाया घरात पानी नसलं तरी इस्त्री करून कापडं घालत्यात. आन् पाहुनं म्हनले, देवाचा कोप. किल्लारीला भूकंप झाला तवा मी पाईप टाकाया गेलते. तवाबी रस्त्याच्या कडेला असेच ढीग पडले व्हते, कुनी हात लावंना. तवा कोन कोपलं व्हतं?"

माईक काढून घेतला गेला. हॉलमध्ये दोन-तीन जण हसले. फोटो काढला तो यानंतरच.

सोमवार गेला. पुढचा सोमवारही. चेअरमन भेटत नव्हते. तीन आठवड्यांनी गयाआत्या संस्थेच्या गोदामात गेली. दार उघडंच होतं, जनावरांची पेंड तिथंच असायची. गाठोडी जशीच्या तशी पडलेली, आणि त्यांच्या तळाशी तिची गोणी. गोणीला भोकं होती. तेल मुरलेलं चामडं पेंडीच्या गोदामात ठेवल्यावर उंदीर दुसरं काय करणार? जवळजवळ सगळी वायसरं कुरतडलेली. काहींची नुसती कड उरली होती.

संस्थेच्या गोदामाची रीत तिला माहीत होती. पेंड ठेवतात तिथं चामडं ठेवू नये हे गावातल्या कुठल्याही माणसाला कळतं. पण ते चामडं आहे, वायसर आहे, कुणाच्या तरी प्यायच्या पाण्याचं आहे, हे त्यांच्या मनातच नव्हतं. त्यांच्यासाठी ती हार घालायची गोणी होती, आणि हार घालून झाला होता.

त्या दिवशी संचालकांची बैठक होती. वडिलांना हे सगळं पुढं किसनमामांनी सांगितलं, ते दारापर्यंत तिच्यामागं गेले होते. ती पदरात कुरतडलेली वायसरं घेऊन आत शिरली.

"ट्रक कुठंय?"

"गयाबाई, बैठक चालूय," चेअरमन म्हणाले. "ट्रकचं जमलं नाही. निवडणूक होऊ द्या, मग बघू."

"ही बगा."

"आता उंदरांना काय मी बोलावलं? तेल कावून लावलं तुम्ही?"

टेबलावर चहा आणि बिस्किटांच्या बशा मांडल्या होत्या. तिनं पदर टेबलावर मोकळा केला.

"घ्या," ती म्हणाली. "उंदरांनी तुमच्यासाठी उरिवलंय."

महिन्याभरात पाणी समितीनं ठराव केला की गावच्या हापशांची दुरुस्ती यापुढं दहावी पास मेकॅनिककडून करून घ्यावी. सातवी शिकलेल्या गयाआत्याचं काम गेलं. ठरावावर गोमूत्राच्या त्या वरच्या आळीतल्या लोकांच्याही सह्या होत्या. सह्या करणाऱ्यांपैकी कुणाला आजही विचारलं तर म्हणतील, आम्हाला काय माहीत, कागद आला, सही केली.

किसनमामांकडं चांगलं कातडं आता अर्धंच उरलं होतं, ते त्यांनी स्वतःच्या धंद्यासाठी ठेवलेलं. गयाआत्या ओसरीत नुसती बसून राहिली. मागितलं नाही. मामांनीच ते काढून आणलं.

"मामा, चपला?"

"गाव तोडनीला गेलंय. घालनार कोन? चपला थांबतेत, पानी थांबत न्हाई."

ह्या वेळी ती माझ्याकडं बीडला आली. आम्ही पोस्टात गेलो. खिडकीतल्या माणसानं यादी बघून सांगितलं, त्या देशाचं पार्सल तूर्त बंद आहे. मी नेहमीप्रमाणं "बरं" म्हणून वळले. गयाआत्या वळली नाही.

"पत्र जातंय का?"

"पत्र जातं. पोचेल कधी ते सांगता येत नाही."

"पाकीट किती जाड चालतंय?"

त्यानं बोटांनी दाखवलं. तिनं ते माप डोळ्यांनी घेतलं आणि मला ओढत बाहेर आली. "मामाला सांगते, वाटी करू नको, तेल लावू नको. नुसत्या चकत्या काप. चपट्या. पाकिटात बसत्यात."

"पण मग तिथं त्यांना वापरता कशा येतील?"

"भिजवून, दाबून, तेलात घालून. रोझलीनला येतंय. मीच शिकिवलंय." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "बाकीचं मी बघते, असं म्हनली ना ती? मंग बघू दे की तिला."

पहिली पाकिटं घेऊन आम्ही पुन्हा त्याच खिडकीशी गेलो. माणसानं एक पाकीट हातात घेऊन वाकवून पाहिलं.

"काय आहे यात?"

"पत्र हाय."

"एवढं जाड?"

"लई दिसांनी लिवायलेय."

त्यानं शिक्का मारला. पत्ते माझ्या हस्ताक्षरात होते. आतल्या चिठ्ठीत फक्त आकडा असायचा, किती चकत्या घातल्या त्याचा, म्हणजे वाटेत काही गळल्या तर रोझलीनला कळावं. पाऊस पडायच्या आधी निरोप आला की तीन हापसे पुन्हा पाणी द्यायला लागलेत. काही पाकिटं पोचलीच नव्हती. मला वाटलं गयाआत्या खूश होईल. ती म्हणाली, "बाकीची कुनी खाल्ली ते इचार," आणि पुढची पाकिटं चिकटवायला बसली.

पुढं पुन्हा पाऊस रुसला त्या साली मला पुण्याला कॉलेजात प्रवेश मिळाला, आणि तिला मी शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. त्याच हिवाळ्यात ती गेली, परीक्षा होती म्हणून मला जाता आलं नाही. बीडच्या पोस्टात आता जाड पाकिटांबद्दल प्रश्न विचारायला लागले होते, म्हणून पुण्याहून टाकण्यासाठी तिनं मला एक पिशवीभर पाकिटं आणून दिली. मी एसटीत खिडकीशी बसले होते, पिशवी मांडीवर. गाडी सुटायला वेळ होता. स्टँडवरच्या पिण्याच्या पाण्याच्या नळाभोवती गर्दी होती. नळाचं वायसर गेलं होतं, तो बंद होत नव्हता, पाणी वाहून चाललं होतं, लोक त्याच्यावरून उड्या मारून जात होते आणि दुष्काळाला शिव्या देत होते.

गयाआत्या थोडा वेळ बघत राहिली. मग खिडकीतून हात आत घातला. "एक पाकीट दे."

"कशाला?"

"दे म्हनले ना."

मी दिलं. तिनं ते तिथंच फाडलं, एक चकती काढली, बाकीच्या परत माझ्या हातात कोंबल्या. "नव्या पाकिटात घाल. आन् चिठ्ठीत लिही, एक कमी हाय. कावून कमी हाय तेबी लिही. तिला कळंल."

ती नळापाशी जाऊन उकिडवी बसली आणि पिशवीतून पाना काढला. कंट्रोलरच्या खोलीतून एक माणूस तावातावानं बाहेर आला. "ओ बाई, कोणाच्या परवानगीनं खोलताय?"

तिनं वर न बघता पकड त्याच्यापुढं धरली. "हे धरा जरा. असं. घट्ट."

तो इकडं तिकडं बघू लागला. मग वाकला आणि त्यानं पकड धरली. गाडी हलली तेव्हा गयाआत्या चामड्याची चकती दातांत धरून ओली करत होती.